मॅग्नेशियमचा अॅनोड की रेक्टिफायर? पाइप कशाला जोडलाय ते आधी बघा

वावरातून गेलेली नळयोजनेची लोखंडी पाइपलाइन आणि मौदा, तिरोड्यासारख्या औष्णिक वीजकेंद्राच्या आवारात जमिनीखालून फिरणारी फायर वॉटरची लाइन. दोन्ही काळ्या जमिनीत, दोन्हींना गंजाचा धोका. त्यामुळे एकीला मानवलेलं कॅथोडिक संरक्षण (करंट देऊन गंज रोखायची पद्धत) दुसरीलाही चालेल असं वाटतं. ते चालत नाही.

तत्त्व एकच आहे. गंजताना लोखंडातून करंट मातीत निघून जातो. आपण मातीतून पाइपकडे करंट आणायचा, म्हणजे गंज आटोक्यात येतो. पाइप आणि माती यांच्यातल्या व्होल्टेजचं मोजमाप जमिनीवर टेकवायच्या तांबं-मोरचूद सेलने होतं (संत्र्यावरच्या बोर्डो मिश्रणात घालतात तेच मोरचूद). उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे रीडिंग हवं.

वावरातली लाइन एकटी असते. तिथे मॅग्नेशियमचा अॅनोड (मातीत करंट सोडणारा धातूचा तुकडा) पुरेसा होतो. तो जिप्सम, बेंटोनाइट आणि थोड्या सोडियम सल्फेटच्या पिशवीत पुरायचा, वायर पाइपला जोडायची. तो स्वतः झिजतो आणि पाइप वाचवतो. वीज लागत नाही, त्यामुळे भारनियमनाची चिंता नाही. मात्र त्याचा जोर व्होल्टभराच्या आतलाच. ओल्या काळ्या मातीत करंट बरा मिळतो, माती वाळली की तो घटतो.

प्लांटमध्ये पाइप एकटा नसतोच. पंप, मोटर, टाकी, काँक्रीटमधली सळई, सगळं अर्थिंगला जोडलेलं, आणि अर्थिंग बऱ्याच ठिकाणी उघड्या तांब्याचं. करंटला पाइप ओळखता येत नाही. कोटिंग असलेला पाइप त्याला अडवतो आणि उघडं तांबं, सळया ओढून घेतात. गरज मिलिअँपिअरवरून कित्येक अँपिअरवर जाते. एक अँपिअर वर्षभर द्यायला साधारण सात-आठ किलो मॅग्नेशियम लागतं, मग हिशोब कुठे जातो बघा. इन्सुलेटिंग फ्लँज (करंट अडवणारा पाइपचा जोड) टाकून पाइप वेगळा करू म्हणावं, तर पलीकडे मोटरच्या अर्थिंगमधून किंवा सपोर्टमधून तो पुन्हा जोडलेला सापडतो. अर्थिंग तोडणं तर सुरक्षेच्या दृष्टीने चालणारच नाही.

म्हणून अशा ठिकाणी बाहेरून करंट द्यावा लागतो. ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर एसीचा डीसी करतो. पॉझिटिव्ह टायटॅनियमच्या किंवा सिलिकॉन-लोखंडाच्या अॅनोडला, निगेटिव्ह पाइपला. ही जोडणी उलटी झाली तर पाइपच अॅनोड बनतो, आणि दर अँपिअरमागे वर्षाला नऊ किलोच्या आसपास लोखंड विरघळतं. कोटिंगला जिथे खरचटलंय नेमकं तिथूनच, त्यामुळे भोक लवकर पडतं. रेक्टिफायर चालू केल्यावर रीडिंग आणखी उणे झालं की नाही, हे त्याच मिनिटाला बघायलाच हवं.

माझं मत असं की गजबजलेल्या आवारात एकच लांबचा अॅनोड बेड (एका जागी पुरलेला अॅनोडांचा गट) टाळावा. त्याचा बराच करंट अर्थिंग खातं, आणि वाटेतल्या दुसऱ्या पाइपवर चढून भलत्या जागी उतरला तर तोही गंजतो. पाइपच्या जवळ, लाइनभर थोडे थोडे अॅनोड पेरलेले बरे.

रीडिंगही सेल पाइपच्या अगदी वर ठेवून आणि सगळे रेक्टिफायर एकदम क्षणभर बंद करून घ्यावं, नाहीतर मातीतला व्होल्टेज ड्रॉप त्यात मिसळतो. आवारात सेल लांब ठेवला तर पाइप आणि तांबं यांची सरासरीच दिसते. विभव (म्हणजे हेच रीडिंग) १०० मिलिव्होल्टने सरकलं की पुरे, हा निकष तांब्याला जोडलेल्या पाइपवर लावू नये. आणि मे महिन्यात जमीन भेगाळलेली असताना सेल टेकवण्याआधी तिथे तांब्याभर पाणी ओतायचं. कोरड्या ढेकळावर मीटर काहीही दाखवतो.