मलनिस्सारणाचा निधी (लहान शहरांतील)

शहरातील सांडपाणी व मैला गोळा करणे, वाहून नेणे, शुद्ध करणे आणि ही यंत्रणा वेळोवेळी सुधारणे यासाठी नगरपरिषदेला लागणाऱ्या पैशाची व्यवस्था. 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय बाराव्या अनुसूचीत आले. जबाबदारी नगरपालिकांकडे गेली, उत्पन्न मात्र त्या मानाने वाढले नाही. महाराष्ट्रात नगरपरिषदांची जकात 1999मध्ये बंद झाल्यावर घरपट्टी हाच त्यांचा मुख्य आधार उरला आणि बाकीची भिस्त शासनाच्या अनुदानावर आली.

भुयारी गटार योजना त्यामुळे बहुतेक वेळा अनुदानावरच उभी राहते. लहान व मध्यम शहरांसाठी केंद्राने डिसेंबर 2005मध्ये सुरू केलेल्या योजनेत केंद्र, राज्य आणि नगरपालिका यांचा वाटा 80:10:10 असा होता. केंद्राच्याच 2015च्या ‘अमृत’ या शहरी पाणी व मलनिस्सारण योजनेत 500 शहरे घेतली गेली. ती बहुतेक लाखावरच्या लोकवस्तीची, म्हणून हजारो लहान गावे बाहेरच राहिली. लाखाच्या आतल्या शहरांचे सांडपाणी 2021मध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या (नागरी) दुसऱ्या टप्प्यात विचारात घेतले गेले. राज्याच्या नगरोत्थान महाअभियानातूनही अशा कामांना पैसे मिळतात. प्रत्येक ठिकाणी थोडाफार स्वहिस्सा भरावा लागतो, आणि कर्मचाऱ्यांचे पगार भागवताना दमछाक होणाऱ्या नगरपरिषदेला तो थोडाही जड जातो.

खरी अडचण उद्घाटनानंतर सुरू होते. पंपांचे वीजबिल, यंत्रचालकांचे पगार, तुंबलेल्या वाहिन्यांची सफाई हा दरमहाचा खर्च बांधकामाच्या अनुदानातून भागत नाही. घरापासून चेंबरपर्यंतची जोडणी घरमालकाने स्वखर्चाने करायची असली की ती वर्षानुवर्षे रखडते. मग शुद्धीकरण केंद्रापर्यंत पुरेसे सांडपाणीच पोहोचत नाही आणि नाला पूर्वीसारखाच नदीला मिळतो. कोट्यवधी रुपये जमिनीखाली पुरून नदी तशीच राहावी, याइतके क्लेशदायक काही नाही. योजना मंजूर करतानाच पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या खर्चाची तरतूद विचारली गेली पाहिजे.

ही तरतूद आधीच करणाऱ्या शहरांत चेन्नईलगतच्या आलंदूरचे नाव प्रथम घ्यावे लागते. 2001मध्ये तेथील लोकसंख्या दीड लाखाच्या आत होती आणि घरोघरी सेप्टिक टाक्या होत्या. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात नगराध्यक्ष आर. एस. भारती यांच्या काळात नगरपालिकेने लोकांनाच विचारले, की गटार हवी का आणि त्यासाठी पैसे द्याल का? घरटी 5,000 रुपयांची ठेव ठरली, आणि खोदकाम सुरू होण्याआधीच लोक ती भरू लागले. उरलेला पैसा मुख्यतः कर्जातून आला. शुद्धीकरण केंद्र खासगी कंपनीने बांधा-वापरा-हस्तांतरित करा (कंपनीने बांधून काही वर्षे चालवायचे, मग नगरपालिकेकडे सोपवायचे) या तत्त्वावर उभारले. गटारीचा हिशेब स्वतंत्र ठेवल्याने आपले पैसे कुठे गेले हे नागरिकाला विचारता येत होते. माझ्या मते रकमेपेक्षा हा वेगळा हिशेब अधिक मोलाचा. आलंदूर 2011मध्ये चेन्नई महापालिकेत विलीन झाले.

प्रत्येक गावाला भुयारी गटारच हवी असे नाही. सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णाकाठचे शहर. 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 36 हजार. येथे बहुतेक घरांना सेप्टिक टाक्या आहेत. पूर्वी टाकी भरून वाहू लागली की मैलागाडी बोलावली जाई. नगरपरिषदेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने 2018पासून दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसण्याचे वेळापत्रक लावले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही हाच मार्ग धरला. खर्च मालमत्ता कराबरोबर घेतल्या जाणाऱ्या स्वच्छता करातून निघतो. गाडी आली की घरमालकाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. ठेकेदाराला उपसलेल्या टाक्यांप्रमाणे मोबदला मिळतो आणि हा मोबदला बुडू नये म्हणून रक्कम वेगळ्या खात्यात राखून ठेवली जाते. उपसलेला मैला दोन्ही ठिकाणी दिवसाला 70 हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. अंघोळीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी मात्र या व्यवस्थेत येत नाही. त्याच्या शुद्धीकरणासाठी पैसा वेगळाच उभारावा लागतो.