नागीण सुकल्यानंतर

नागिणीचे फोड सात ते दहा दिवसांत खपल्या धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा मोकळी होते. बहुतेकांचं दुखणं तिथेच संपतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पण दहातल्या एक-दोघांची आग खपल्या पडून गेल्यावरही विझत नाही. अशा माणसाच्या अंगावर दाखवायला काहीच उरलेलं नसतं. घरचे म्हणतात, नागीण तर गेली, मग आता दुखतंय कशाने? या प्रश्नाचं उत्तर मिळायला वैद्यकाला फार काळ लागला. कारण कितीतरी शतकं नागीण हा कातडीचाच रोग समजला जात होता.

जुनी नावंही कातडीवरच्या खुणेवरूनच पडली. ‘झोस्टर’ म्हणजे ग्रीकमध्ये कंबरपट्टा, आणि ‘शिंगल्स’ हा शब्दही पट्ट्याच्या लॅटिन शब्दावरून आला. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहून गेला की या रोगाने माणसाला पूर्ण वेढा घातला तर तो मरतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की संपलं, ही आपल्याकडची धास्ती अगदी त्याच्याशी जुळते. प्रत्यक्षात वेढा सहसा पुरा होतच नाही. कण्यातून डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळ्या नसा निघतात आणि अंगात झोपून असलेला या रोगाचा विषाणू बहुधा त्यांतल्या एकाच नसेत जागा होतो. म्हणून फोडांची रांग शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसात फोड अंगभर पसरू शकतात आणि ते खरोखर धोक्याचं असतं, पण त्याचा तोंड-शेपटीशी काही संबंध नाही.

कातडीवरून नजर पहिल्यांदा हलली ती १८३१ मध्ये. रिचर्ड ब्राइट या इंग्रज डॉक्टरांनी सुचवलं की मूळ कण्यालगतच्या संवेदी नसांच्या गाठीत, म्हणजे स्पर्श-वेदना पोचवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात, असावं. तीसेक वर्षांनी जर्मनीत फॉन बेरेनश्प्रुंग यांनी शवविच्छेदनात त्या गाठीला झालेली इजा प्रत्यक्ष पाहिली. पुढे १९०० साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल यांनी नागीण होऊन गेलेल्या २१ मृतदेहांचा अभ्यास छापला. गाठींत रक्तस्राव आणि सूज होती, जुन्या रोग्यांत व्रण उरलेले होते, आणि तिथून निघणारे तंतू झडलेले होते. कोणती नस कातडीचा कोणता पट्टा सांभाळते याचा नकाशाही त्यांनी या फोडांवरूनच काढला. माझ्या मते नागिणीच्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान आहे. कातडी भरून येते तशी नस भरून येईलच असं नाही, हे इथे डोळ्यांना दिसलं.

तिकडे दुसरा धागा कांजण्यांचा. बुडापेस्टच्या फॉन बोकाय यांना १८८८ च्या सुमारास जाणवलं की घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की लहान मुलांना कांजण्या येतात. १९२५ मध्ये कुंड्राटिट्झ यांनी नागिणीच्या फोडातलं पाणी मुलांना टोचलं आणि मुलांना कांजण्या आल्या. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. १९५० च्या दशकात थॉमस वेलर यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं की दोन्ही रोगांचा विषाणू एकच.

मग लहानपणी येऊन गेलेला विषाणू इतकी वर्षं असतो कुठे? हे कोडं पुढे नेलं ते एका साध्या फॅमिली डॉक्टरने. एडगर होप-सिम्पसन इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावात प्रॅक्टिस करत. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं त्यांच्याकडे नोंदलेली होती. आपल्या रोग्यांत झालेली प्रत्येक नागीण ते सोळा वर्षं टिपून ठेवत राहिले. नोंदी भरल्या १९२. एवढ्याशा वहीतून १९६५ साली त्यांनी मांडलं की नागीण कुणाकडून लागत नाही. ती आपल्याच शरीरात झोपलेल्या कांजण्यांच्या विषाणूची जाग आहे, आणि वयाबरोबर प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला की ती येते. हजार माणसं ८५ वर्षं जगली तर निम्म्यांना एकदा नागीण झालेली असेल, हा त्यांचा हिशोब आजही फारसा हललेला नाही.

नसेला झालेल्या या इजेचं पुढे काय होतं, ते रोग्याकडे नीट पाहिलं तर कळतं. सदरा अंगावरून सरकला तरी भाजल्यासारखं होतं. रात्री चादर बरगडीला टेकू नये म्हणून माणूस उशीचा आडोसा करून झोपतो. पंख्याचा वारा सोसत नाही, पण त्याच जागी घट्ट हात दाबून धरला की थोडं बरं वाटतं. कारण दुखावलेली नस हलक्या स्पर्शाचा निरोपही वेदना म्हणूनच पोचवते. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही राहणाऱ्या या दुखण्याला नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना म्हणतात. वय जितकं जास्त आणि सुरुवातीची कळ जितकी तीव्र, तितका तिचा धोका अधिक. साध्या वेदनाशामकांनी ती फारशी हटत नाही. १९८२ मध्ये नैराश्यावरच्या अमिट्रिप्टिलिनची चाचणी झाली, पुढे फिट्सवरचं गॅबापेंटिन आलं, कातडी बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या आल्या. बहुतेकांची वेदना काही महिन्यांत उतरत जाते, थोड्यांची वर्षानुवर्षं राहते. अशा माणसाला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून उडवून लावणं मला क्रूर वाटतं. हेड यांनी झडलेले तंतू दाखवले त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली.

कपाळावर किंवा डोळ्याभोवती उठलेली नागीण दृष्टीवर बेतू शकते. त्यातही नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे लगेच जावं. ही खूण हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवली आहे. कानाजवळची नागीण चेहऱ्याची एक बाजू लुळी पाडू शकते. त्याचं वर्णन रॅम्से हंट यांनी १९०७ मध्ये केलं.

उपचाराने खरं वळण घेतलं ते असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधापासून. ते ज्यांच्या प्रयोगशाळेत घडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत या जातीचं औषध सुरू झालं तर फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीची कळ कमी होते. पुढची दीर्घ वेदना ते हमखास टाळतं, असं मात्र म्हणता येत नाही. ती टाळायची तर नागीणच टाळायला हवी. ओसाकाच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये कांजण्यांची लस केली होती. त्याच विषाणूची कितीतरी तीव्र मात्रा असलेली लस २००५ च्या मोठ्या चाचणीत साठीपुढच्या ३८ हजारांहून अधिक लोकांवर तपासली गेली. नागीण ५१ टक्क्यांनी घटली आणि रेंगाळणारी वेदना ६७ टक्क्यांनी. २०१७ मध्ये आलेल्या शिंग्रिक्स या नव्या लसीत जिवंत विषाणू नाही. पन्नाशीपुढच्या लोकांत तिची परिणामकारकता ९७ टक्के दिसली होती. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती देतात, कारण रोग उलटू शकतो. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका पाहणीत आठ वर्षांत सुमारे ६ टक्के लोकांना ती पुन्हा झाली होती.

गेल्या वीसेक वर्षांत नजर रक्तवाहिन्यांकडे वळली आहे. हा विषाणू नसेवाटे मेंदूच्या धमन्यांपर्यंत पोचून तिथे दाह करू शकतो. ब्रिटनमधल्या २०१४ च्या अभ्यासात नागिणीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत पक्षाघाताचं प्रमाण ६३ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं आणि पुढच्या महिन्यांत ते उतरत गेलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींतून हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका बारा वर्षांपर्यंत तीसेक टक्क्यांनी जास्त असू शकतो असं दिसलं. आकडे घाबरवणारे वाटतात. पण ही वाढ मूळच्या धोक्यावरची आहे, आणि तो मूळचा धोका ज्याचा त्याचा वेगळा असतो. रक्तदाब, साखर, तंबाखू ही मोठी कारणं आपल्या जागी आहेतच. नागीण होऊन गेलेल्या माणसाने त्यांच्याकडे जास्त काटेकोरपणे पाहावं, एवढं मात्र नक्की.

मेंदूबद्दलचा पुरावा वेल्समधून आला, तोही सरकारी नियमातल्या एका तारखेमुळे. तिथे १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस सुरू झाली, पण २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळणार नव्हती. म्हणजे काही दिवसांच्या अंतराने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतींत सारखी माणसं दोन गटांत विभागली गेली. सात वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी आढळलं. हा निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. ती लस जुनी, जिवंत विषाणूची होती. झोपलेल्या विषाणूचं अधूनमधून जागं होणं थांबल्याने मेंदू वाचतो, की लसीने एकूण प्रतिकारशक्तीलाच चालना मिळते, यावर संशोधकांचा वाद चालू आहे.