व्हाउचरची लढाई मतदानाआधीच: सह्यांच्या कागदामागचा इतिहास

अमेरिकेत शालेय व्हाउचर, म्हणजे शिक्षणावरच्या सरकारी पैशातून खासगी शाळेची फी भरण्याची सोय, राज्यभरच्या मतदानाला गेली की जवळपास दर वेळी हरते. कॅलिफोर्नियात १९९३ आणि २००० मध्ये, मिशिगनमध्ये २००० मध्ये, सुमारे ७० टक्के मते विरोधात पडली. त्यामुळे पुढे समर्थकांनी विधिमंडळाची वाट धरली आणि विरोधकांनी ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या जमवून मंजूर झालेला कायदा जनमताला लावण्याची. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा म्हणजे सह्यांचा कागद. बाहेरून आलेली माणसे आणि बाहेरचा पैसा सगळ्यात आधी तिथेच पोहोचतो.

पैसे देऊन सह्या गोळा करवून घेणे कोलोरॅडोत पूर्वी गुन्हा होता. १९८८ च्या मायर विरुद्ध ग्रांट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण सही मागताना होणारे बोलणे हे राजकीय भाषण आहे. १९९९ मध्ये त्याच राज्याच्या दुसऱ्या खटल्यात, सह्या घेणारा राज्यातला नोंदणीकृत मतदारच हवा, ही अटही गेली. सह्या घेणारा राज्याचाच रहिवासी हवा, ही नेब्रास्काची अट केंद्रीय न्यायालयाने २०११ मध्ये काढली. या निकालांनंतर सह्या गोळा करणे हा राज्याराज्यांतून फिरणाऱ्यांचा हंगामी धंदा झाला.

लोकांना सही करण्यापासून अडवण्याची युक्ती आता व्हाउचर समर्थक वापरतात, पण ती त्यांनी काढलेली नाही. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात व्हाउचरचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येऊ नये म्हणून शिक्षक संघटनेनेच सह्यांविरुद्ध मोहीम चालवली होती. प्रस्ताव त्या वर्षी हुकला आणि पुढच्या वर्षी आला.

युटा राज्यातली २००७ ची लढत नीट पाहावी अशी आहे. तिथला व्हाउचर कायदा प्रतिनिधीगृहात ३८ विरुद्ध ३७ मतांनी पार झाला. उत्पन्नानुसार विद्यार्थ्यामागे ५०० ते ३,००० डॉलर मिळणार होते. विरोधकांना अधिवेशन संपल्यापासून ४० दिवसांत सुमारे ९२ हजार वैध सह्या हव्या होत्या, त्याही २९ पैकी किमान १५ काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) ठरलेल्या प्रमाणात. शिक्षक आणि पालक संघटनांच्या स्वयंसेवकांनी १ लाख २४ हजारांवर सह्या आणल्या. मोठा पैसा त्यानंतर आला: विरोधकांना राष्ट्रीय शिक्षक संघटनेकडून ३० लाख डॉलरहून जास्त, तर समर्थकांचा मोठा भार ओव्हरस्टॉक कंपनीचे प्रमुख पॅट्रिक बर्न आणि त्यांच्या कुटुंबाने उचलला. समर्थकांच्या जाहिरातीत ओरिओ बिस्किटांची चळत रचून विद्यार्थ्यामागचा खर्च समजावला होता. नोव्हेंबरमध्ये ६२ टक्क्यांनी कायदा फेटाळला, आणि २९ पैकी एकाही काउंटीत समर्थकांना बहुमत मिळाले नाही. दोन्हीकडे मोठा पैसा होता. फरक पडला तो दारात येणाऱ्या माणसामुळे, असे आमचे मत आहे. आपल्या मुलाच्या शिक्षिकेने पुढे केलेला कागद लोक वाचून सही करतात.

भाड्याच्या माणसांचा खरा धोका कायद्याच्या बारकाव्यात आहे. ॲरिझोना, नेब्रास्कासारख्या राज्यांत प्रत्येक सही आपल्यासमोर झाली, असे सह्या घेणाऱ्याला नोटरीपुढे शपथेवर लिहून द्यावे लागते. मतदारयादीत नाव नसणे, पत्ता जुना असणे, दोनदा सही, नोटरीचा शिक्का राहणे, यांतल्या कशानेही सही बाद होते. शपथपत्रच चुकले तर अख्खा कागद जातो. म्हणून गरजेपेक्षा पाव ते एक तृतीयांश जास्त सह्या घ्याव्या लागतात. ॲरिझोनात तर राज्याबाहेरच्याला आधी नोंदणी करावी लागते, आणि खटल्यात समन्स निघूनही तो हजर झाला नाही तर त्याने घेतलेल्या सह्या बाद होऊ शकतात. मोहीम संपताच पुढच्या राज्यात गेलेला माणूस साक्षीला परत येईलच याचा भरवसा नसतो.

त्याच ॲरिझोनात स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये १ लाख ११ हजार सह्या दिल्या (गरज ७५ हजारांची) आणि २०१८ मध्ये व्हाउचरचा विस्तार ६५ टक्के मतांनी हाणून पाडला. २०२२ मध्ये नव्या विस्ताराविरुद्ध मात्र गणित फसले. जवळपास १ लाख १९ हजार सह्या हव्या होत्या, १ लाख ४१ हजार दिल्याचे जाहीर झाले आणि मोजल्यावर सुमारे ८९ हजारच निघाल्या. गठ्ठे अंदाजाने मोजले की असे होते. शिवाय या वेळी ‘सही करू नका’ अशा पाट्या घेऊन समर्थक सह्यांच्या टेबलाशेजारी उभे राहत होते. अडवणाऱ्याला नोटरी लागत नाही, शपथ लागत नाही.

ही अडवणूक २०२३ मध्ये नेब्रास्कातही दिसली. सिनेटर लू ॲन लिनेहन यांच्या एलबी ७५३ (एलबी म्हणजे विधेयक) या कायद्याने खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीला देणगी देणाऱ्यांना वर्षाला एकूण २.५ कोटी डॉलरची करसवलत ठेवली होती. तिथे सह्यांच्या कागदावर १६ पॉइंटच्या लाल अक्षरांत लिहावे लागते की सह्या घेणारा पगारी आहे की स्वयंसेवक. राज्यभरच्या मतदारांपैकी ५ टक्के आणि ९३ पैकी ३८ काउंटींतही ५ टक्के सह्या लागतात. विरोधकांनी सुमारे ६१ हजारांची गरज असताना १ लाख १७ हजार सह्या दिल्या. सह्या घ्यायला किंवा अडवायला राज्याबाहेरची पगारी माणसे आणल्याचा आरोप दोन्ही बाजू एकमेकींवर करत होत्या. इथेही विरोधकांमागे राष्ट्रीय शिक्षक संघटना होती, तर समर्थकांमागे अमेरिकन फेडरेशन फॉर चिल्ड्रन ही व्हाउचरसाठी झटणारी राष्ट्रीय संघटना.

सह्या पुरल्या, पण २०२४ मध्ये विधिमंडळाने एलबी १४०२ आणून जुना कायदाच रद्द केला आणि तिजोरीतून थेट १ कोटी डॉलरची तरतूद केली. जुना कायदा गेला म्हणून त्यावरचे सार्वमतही गेले. नव्या कायद्याविरुद्ध पुन्हा ८६ हजारांवर सह्या झाल्या, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये प्रश्न मतपत्रिकेवर राहू दिला आणि ५७ टक्के मतदारांनी कायदा रद्द केला.

युटाच्या विधिमंडळाने यापेक्षा पक्का मार्ग शोधला. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी पार झालेल्या कायद्यावर तिथे सार्वमत मागताच येत नाही. २०२३ मध्ये ८,००० डॉलरची शिष्यवृत्ती आणि शिक्षकांची पगारवाढ एकाच विधेयकात बांधली गेली. प्रतिनिधीगृहात ५४ विरुद्ध २०, सिनेटमध्ये २० विरुद्ध ८. सिनेट २९ जणांचे, म्हणजे नेमकी लागतील तेवढीच मते. त्यामुळे विरोधकांना सह्यांऐवजी कोर्टात जावे लागले आणि एप्रिल २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.