पापक्षमा (ख्रिस्ती धर्मविचार)

माणसाने देवाविरुद्ध केलेल्या अपराधाचा दोष देवाने कृपेने दूर करणे आणि त्यामुळे तुटलेले नाते पुन्हा जोडणे, याला ख्रिस्ती धर्मविचारात पापक्षमा म्हणतात. पाप म्हणजे काय, त्याची क्षमा कोणत्या आधारावर होते आणि अखेरीस स्वर्गात कोण पोहोचतो, हे तीन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की पहिल्याचे उत्तर बदलले की उरलेल्या दोहोंचीही उत्तरे बदलतात.

बायबलच्या नव्या करारात (येशूविषयीच्या भागात) पापासाठी प्रामुख्याने येणारा ग्रीक शब्द ‘हामार्तिया’ हा असून त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. म्हणजे पाप हा केवळ नियमभंग नव्हे. माणूस ज्यासाठी घडवला गेला त्यापासून त्याचे ढळणे म्हणजे पाप. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या मते पहिला मानव आदाम याने देवाची आज्ञा मोडल्याने, म्हणजेच त्याच्या पतनाने, माणसाची इच्छाशक्तीच वाकडी झाली असून कृपेवाचून तो देवाकडे वळूही शकत नाही. माणसाला स्वतःच्या बळावर पाप टाळता येते, असे मानणाऱ्या पेलाजियसची शिकवण ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने अमान्य केली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा मात्र आदामापासून मरण आणि दुर्बलता वारशाने येते असे मानते, त्याचा दोष नव्हे. पापाकडे ती मुख्यतः आजार म्हणून पाहते.

पापाचे दुसरे मोठे रूपक ऋणाचे आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानातील (येशूच्या जीवनाची व शिकवणीची हकिकत सांगणाऱ्या ग्रंथातील) पाठानुसार, क्षमा मागितली जाते ती ऋणांची. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायातील दृष्टांतात एका दासावर राजाचे १०,००० तालांत कर्ज आहे. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे ध्यानात घेतले तर कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते; वर्षाचे ३०० दिवस राबले तरी ते फेडायला २ लाख वर्षे लागतील. ‘मला वागवून घ्या, सगळे फेडीन’ अशी विनवणी तो दास करतो, आणि राजा मुदत वाढवून देत नाही, तर कर्जच सोडून देतो. बाहेर पडताच हाच दास १०० दिनार देणे असलेल्या सोबत्याची मानगूट धरतो. कर्जाचा आकडा मुद्दाम न फिटणारा ठेवला आहे, आणि दृष्टांताचे मर्म तिथेच आहे : क्षमा ही कमावता येत नाही, पण मिळालेली क्षमा पुढे न देणाऱ्याच्या हाती ती टिकतही नाही.

सोडलेल्या कर्जाचा भार कोणीतरी सोसतो. तो ख्रिस्ताने वधस्तंभावर सोसला, यावर प्रमुख परंपरांचे एकमत आहे. कसा, यावर नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या आन्सेल्मने देवाच्या सन्मानाची भरपाई असा अर्थ लावला, तर बाराव्या शतकात फ्रेंच धर्मपंडित आबेलारने ख्रिस्ताच्या मरणात प्रकटलेल्या प्रेमाने माणसाचे हृदय पालटते यावर भर दिला.

बाप्तिस्म्यानंतर, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीनंतर, घडलेल्या पापांचे काय, हा प्रश्न चर्चला फार लवकर भेडसावला. सम्राट डेशियसच्या काळात, २५० मध्ये, छळाच्या भीतीने अनेकांनी रोमन देवतांना बळी अर्पण केले आणि छळ ओसरताच ते परत येऊ लागले. रोममधील नोव्हेशियनने त्यांना पुन्हा सामावून घेण्यास नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रियन व बहुसंख्य बिशप यांनी दीर्घ प्रायश्चित्तानंतर दार उघडे ठेवले. हा निर्णय निर्णायक ठरला. पुढे पापकबुली खासगी होत गेली आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती वर्षातून किमान एकदा बंधनकारक केली. १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने चर्चच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ज्या दंडमाफीपत्रांवर आक्षेप घेतला, ती शिकवणीनुसार पापाच्या दोषासाठी नव्हे, तर क्षमेनंतरही उरणाऱ्या तात्पुरत्या दंडासाठी होती. विक्रीच्या धामधुमीत हा भेद सामान्य माणसाला उमगणे कठीण होते, आणि ल्यूथरचा संताप मला रास्त वाटतो. माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, असे त्याने मांडले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये, कृपेची सुरुवात देवाकडूनच होते हे मान्य करून, माणसाच्या सहकार्यावर भर दिला. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन चर्चनी या विषयावरील मूलभूत सहमतीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

स्वर्गात कोण जाईल, याची यादी शुभवर्तमानांत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या प्रसंगी भुकेल्याला अन्न आणि परक्याला आसरा दिला की नाही, एवढेच विचारले जाते. योहानाच्या शुभवर्तमानात विश्वासावर भर आहे. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे मत सिप्रियनपासून चालत आले, परंतु कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख न झालेल्या आणि सदसद्विवेकानुसार प्रामाणिकपणे देवाचा शोध घेणाऱ्यांनाही तारण मिळू शकते, असे सांगितले. याउलट प्रोटेस्टंटांच्या डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१९) देवाच्या पूर्वनिवडीचा, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवले आहे या मताचा, आग्रह धरला. शेवटी सर्वच जीव देवाकडे परततील, हा तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेनशी जोडला जाणारा विचार सहाव्या शतकात निषिद्ध ठरला, तरी निस्साच्या ग्रेगरीसारख्या मान्यवर संताच्या लेखनातही तशी आशा आढळते. बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकांबाबत कॅथलिक धर्मपंडितांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये निश्चितीची नव्हे, पण आशेची भाषा वापरली. मूल गमावलेल्या आईबापांसाठी तो फरक लहान नाही.

या साऱ्या वादांत लूकच्या तेविसाव्या अध्यायातला एक माणूस पुन्हा पुन्हा समोर येतो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या या गुन्हेगाराकडे ना सत्कृत्यांसाठी वेळ आहे, ना बाप्तिस्म्याची सोय. आपली शिक्षा योग्य आहे असे तो कबूल करतो, आणि ‘माझी आठवण ठेव’ एवढेच मागतो. त्याला मिळालेले उत्तर त्याच दिवसाचे आहे : ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’