भीतीची नाडी धरणारा डायरेक्टर

"काय ठेवलंय त्यात? नुसती मारामारी आणि रक्त!" झॉम्बींच्या व्हिडिओ गेम्सचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. रक्तच बघायचं असेल तर एकट्याने खेळायचे गेम्स ढिगाने आहेत. मग चार मित्र रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून, एकमेकांना हाका मारत तोच तो गेम का खेळतात? आणि हरल्यावरही "अजून एक राऊंड" का म्हणतात?

उत्तराचा मोठा भाग मला 'लेफ्ट फोर डेड' या गेममध्ये सापडला. वॉल्व्ह कंपनीने तो नोव्हेंबर २००८मध्ये आणला. माणसांना झॉम्बी करून टाकणाऱ्या रोगाच्या साथीतून वाचलेल्या चार माणसांनी एका सुरक्षित खोलीतून निघून पुढची सुरक्षित खोली गाठायची, एवढीच गोष्ट. नकाशा तोच असतो, पण झॉम्बी कुठून, कधी आणि किती येणार हे आधी लिहिलेलं नसतं. खेळ चालू असतानाच 'डायरेक्टर' नावाचा एक प्रोग्रॅम ते ठरवत असतो. ते तो ज्या पद्धतीने ठरवतो, तिच्या मी अक्षरशः प्रेमात आहे.

डायरेक्टर चौघांपैकी प्रत्येकाच्या नावावर एक आकडा ठेवतो, त्या खेळाडूवर आत्ता किती ताण आहे याचा अंदाज. मनगटाला पट्टा नाही, छातीला तार नाही. सगळा हिशोब खेळातल्या घटनांवरून. इजा झाली की आकडा वाढतो, जेवढी इजा मोठी तेवढा जास्त. खेळाडू जायबंदी होऊन आडवा पडला की आणखी वाढतो. झॉम्बी जवळ मरून पडला तर जास्त वाढतो, लांब मेला तर कमी. काहीच घडत नसेल तर आकडा हळूहळू शून्याकडे उतरतो. मात्र अंगावर कोणी चालून येत असेल तोवर त्याला उतरायची मुभा नाही!

आता चौघांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. सरासरी काढायची नाही, कारण तिघे निवांत असले तरी चौथ्याचा जीव कंठाशी आलेला असू शकतो. हा आकडा शिखराला पोचेपर्यंत झॉम्बी सोडत राहायचे. शिखर गाठल्यावरही तीन ते पाच सेकंद मारा तसाच ठेवायचा. मग नवे झॉम्बी थांबवायचे, चालू झटापट निवू द्यायची आणि पुढे तीस ते पंचेचाळीस सेकंद जवळजवळ शांतता. खेळाडू तेवढ्यात बरेच पुढे सरकले तर शांतता आधीच संपते आणि चढण पुन्हा सुरू. गणिताच्या भाषेत सांगायचं तर लाटेची उंची तशीच राहते, दोन लाटांमधलं अंतर बदलतं. म्हणजे डायरेक्टर खेळ सोपा किंवा अवघड करत नाही, त्याची लय सांभाळतो. टँकसारखे मोठे राक्षस मात्र या लयीच्या बाहेर ठेवलेले आहेत. ते येतात तेव्हा तुम्ही दमलेले आहात की ताजेतवाने, हे कोणी बघत नाही.

ही शांतता एवढी गोड का लागते? घाबरल्यावर रक्तात उतरलेलं अ‍ॅड्रेनॅलिन संकट टळल्याबरोबर नाहीसं होत नाही. त्याला ओसरायला काही मिनिटं लागतात, आणि तोवर छाती धडधडतच असते. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात दाखवलं, की अशी उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेला जाऊन चिकटते आणि तिला मोठं करते. त्यांच्या एका प्रयोगात लोकांना व्यायामाची सायकल चालवायला लावून नंतर प्रणयाची दृश्यं दाखवली. व्यायाम संपताच दाखवली तर परिणाम वाढला नाही, कारण ही धडधड सायकलची आहे हे लोकांना कळत होतं. सगळं शमल्यावर दाखवली तरीही नाही. मधल्या काळात, म्हणजे आपण शांत झालो असं वाटत असतं पण शरीर अजून शांत झालेलं नसतं तेव्हा, तीच दृश्यं जास्त परिणाम करून गेली. झॉम्बींची लाट ओसरल्यावर सुटकेचा आनंद एवढा मोठा वाटतो तो याच उरलेल्या उत्तेजनेमुळे, असं मला वाटतं.

अशा वेळी "डोपामिनचा स्फोट होतो" असं सांगून मोकळे होणारे लेख मला खटकतात. एका रेणूचं नाव घेतलं म्हणजे कारण सांगून झालं, असं होत नाही. आणि मेलेलं शरीर खरोखर उठून चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: मुळीच नाही. आखडलेला स्नायू सैल व्हायलाही एटीपी नावाचं इंधन लागतं. मृत्यूनंतर ते संपतं आणि शरीर ताठरतं. पळणारं प्रेत ही फक्त गोष्टीतच शक्य असलेली गोष्ट आहे.

आता सोबतीबद्दल. २००६ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी सोळा विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात ठेवून विजेच्या सौम्य झटक्याची धास्ती दाखवली. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग कमी पेटले. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला. हेडफोनमधला आवाज म्हणजे हात नव्हे, हे मला मान्य आहे. पण हा गेम सोबतीची गरज नियमातच घालून ठेवतो. हंटर नावाचा झॉम्बी झेप घेऊन छातीवर बसला की तुम्ही कोणतंही बटण दाबा, सुटका नाही. सोबत्यानेच यायला हवं. म्हणून तर भिंतीपलीकडच्या सोबत्याची आकृतीही रंगीत रेषेत दिसत राहते.

एका रात्री मी दोनदा डाउन झालो होतो, म्हणजे जायबंदी होऊन आडवा पडलो होतो. अशा वेळी स्क्रीन काळीपांढरी होते, म्हणजे आता पडलात तर कोणी उचलू शकत नाही. मित्राकडे शेवटचं मेडकिट होतं आणि त्याची स्वतःची हेल्थ निम्म्याहून कमी. "हलू नकोस," तो म्हणाला. पट्टी बांधायला पाच सेकंद लागतात आणि बांधणाऱ्याला तेवढा वेळ बंदूक चालवता येत नाही. उरलेले दोघे दाराकडे नळ्या रोखून उभे राहिले. लांबून लोंढ्याचा आवाज येऊ लागला होता. चौथ्या सेकंदाला पहिला झॉम्बी दारात आला, आणि पाचव्याला माझ्या स्क्रीनवर रंग परत आले.