रेंडर 'पास' आणि स्क्रीन की लिनिअर डॉज हा जुना वाद

'पास' हा शब्द फिल्मच्या काळातला. तीच निगेटिव्ह मागे गुंडाळून कॅमेऱ्यातून पुन्हा सोडायची, दर फेरीला वेगळा दिवा. एक फेरी म्हणजे एक पास. आजच्या एलिव्हेशनच्या, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूच्या, रेंडरमध्ये (मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रात) अशा फेऱ्या नसतात. रेंडर एकदाच होतं, इंजिन (चित्र काढणारं सॉफ्टवेअर) रिफ्लेक्शन, जीआय (भिंती-जमिनीवरून उसळून येणारा उजेड), झेड-डेप्थ (कॅमेऱ्यापासूनचं अंतर) यांचा हिशेब वेगवेगळा लिहून ठेवतं. खरं नाव रेंडर एलिमेंट, काही ठिकाणी एओव्ही. पण कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात 'पास काढलास का?' असंच विचारतात.

मूळ सगळं सिनेमावाल्यांचं. अल्फा चॅनेल (चित्राचा कुठला भाग किती पारदर्शक ते सांगणारं) १९७०च्या दशकाअखेर आलं, थर एकमेकांवर बसवण्याचं गणित १९८४च्या एका निबंधात मांडलं गेलं, आणि ओपन-ईएक्सआर हे उजेडाचे आकडे साठवणारं फाइल फॉरमॅट २००३ मध्ये सर्वांना खुलं झालं. बिल्डिंगचं चित्र एकच आणि स्थिर. ते पुन्हा रेंडर करायला काय जातं, असा प्रश्न तेव्हा रास्त वाटायचा.

कोल्हापुरात त्याचं उत्तर विजेने दिलं. भारनियमनाच्या वर्षांत यूपीएस वीसेक मिनिटं तग धरायचा. रात्रभराचं रेंडर कसंबसं पदरात पडलं की सकाळी बिल्डर येऊन म्हणणार, "काच जरा कमी चमकू दे की." रिफ्लेक्शन वेगळं काढलेलं असेल तर दोन मिनिटांचं काम, नाहीतर आणखी एक रात्र. पास काढायलाही मर्यादा होतीच. ४००० बाय २५०० चित्राचा फ्लोटमधला (दर रंगाला ३२ बिट) एक पास १२० एमबी. पंधरा झाले की १.८ जीबी, आणि ३२ बिट विंडोजवर एका प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीच मिळायचे. थ्रीडीएस मॅक्स (रेंडरचा प्रोग्राम) बंद पडायचं ते इथेच.

वाद मात्र फोटोशॉपमध्ये पेटला: उजेडाचे थर 'स्क्रीन'ने चढवायचे की 'लिनिअर डॉज'ने (थर मिसळायच्या दोन पद्धती)? संध्याकाळचा व्ह्यू घ्या. आकाशाचा उजेड एका थरात, पोर्चच्या दिव्यांचा दुसऱ्यात, आणि दगडी पायरीवर दोन्हीत १२८ (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). लिनिअर डॉज सरळ बेरीज करतो: २५६, पायरी पांढरीफटक. स्क्रीन १९२ देतो. गॅमा (पडद्यासाठी फाइलमधल्या आकड्यांना दिलेला बाक) उतरवून बेरीज केली आणि परत चढवला, तर खरा आकडा येतो १७६. म्हणजे ८ बिट फाइलमध्ये दोघंही चुकतात, स्क्रीन कमी चुकतो. क्लासमध्ये आज 'स्क्रीन म्हणजे अडाणीपणा' असं शिकवतात, ते मला पटत नाही. ज्यांच्या हाती फक्त जेपेग होतं त्यांनी डोळ्याने निवडलं, आणि डोळा बराचसा बरोबर होता. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्या गावात यात नवल नाही.

अंधारात मात्र स्क्रीन उघडा पडतो. २६ आणि २६ मिळून ३९ व्हायला हवेत, तो ४९ करतो. सावल्या दुधाळ होतात. एओ (कोपऱ्यांतल्या सावलीचा पास) मल्टिप्लाय करून कोपरे काळे करायची सवय माझ्या मते इथूनच बळावली. खरं तर जीआयने ते कोपरे एकदा मोजलेलेच असतात. होर्डिंगवरच्या बंगल्यांच्या छज्जाखाली काजळी धरल्यासारखी दिसते ती यामुळे.

पुढे २००५ मध्ये फोटोशॉपला ३२ बिट आलं, त्यात थर २००७ मध्ये. २०१५च्या क्रिप्टोमॅटने (दर वस्तूचा मास्क आपोआप देणारा पास) लाल-हिरव्या-निळ्या मास्कची, म्हणजे वस्तू निवडायच्या साच्यांची, कटकट संपवली. झाडांच्या पानांची कड पहिल्यांदा नीट सुटली. २०२०च्या व्ही-रे ५ या रेंडर इंजिनात थर आणि लाइटमिक्स (दिवे नंतर कमी-जास्त करायची सोय) थेट फ्रेम बफरमध्येच (रेंडर दिसतं त्या खिडकीत) आले, तिथे बेरीज लिनिअरच, म्हणजे गॅमा उतरवून. फोटोशॉपच्या ३२ बिटमध्ये तर स्क्रीन मोड मिळतच नाही. म्हणून ऑफिसचं स्क्रीनच्या थरांचं जुनं पीएसडी (फोटोशॉपची फाइल) टेम्प्लेट वापरणारा पोरगा रेंडर उघडला की आधी इमेज मेनूत जातो आणि फाइल ८ बिट करून घेतो.