नेहरू विज्ञान केंद्र, वरळी

नेहरू विज्ञान केंद्र : मुंबईत वरळीला डॉ. ई. मोझेस मार्गावर असलेले, उपकरणे स्वतः हाताळून पाहण्याचे देशातील एक अग्रगण्य विज्ञान केंद्र. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद ते चालवते. ध्वनी, प्रकाश, ऊर्जा, यंत्रशास्त्र, अणुऊर्जा अशा विषयांची दालने, पाचशेहून अधिक उपकरणे आणि बाहेर झाडीत पसरलेले विज्ञान उद्यान असा त्याचा पसारा आहे. बोलताना सगळे त्याला नुसते ‘सायन्स सेंटर’ म्हणतात. ॲनी बेझंट मार्गावरील नेहरू तारांगण ही वेगळी संस्था. पण दोन्ही वरळीत आणि दोन्हींना नाव नेहरूंचे, त्यामुळे टॅक्सीवाल्याला नीट सांगितलेले बरे.

भारतात विज्ञान संग्रहालयांची सुरुवात कोलकात्यात १९५९ साली बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने झाली. १९६५ मध्ये बंगळूरचे विश्वेश्वरय्या संग्रहालय आले. ही दोन्ही नावाप्रमाणेच उद्योग आणि तंत्रज्ञानाची संग्रहालये. पुढे १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उघडले, त्याच वर्षी टोरांटोत ऑन्टारिओ सायन्स सेंटर सुरू झाले आणि ‘हात लावू नये’ या पाटीचा जमानाच संपला. वरळीचे केंद्र या दुसऱ्या घराण्यातले. ते टप्प्याटप्प्याने उभे राहिले. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील प्रदर्शन, १९७९ मध्ये उद्यान, आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते संपूर्ण केंद्राचे उद्घाटन. इमारतीचे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे हे सिंधुदुर्गातील आचऱ्याचे. हार्वर्डला नामवंत जर्मन वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकून आलेले.

एकमेकींकडे तोंड करून बऱ्याच अंतरावर उभ्या केलेल्या दोन मोठ्या अंतर्वक्र तबकड्या हा अशा केंद्रांमधला हुकमी प्रयोग. एकीपाशी तोंड नेऊन कुजबुजले, की मध्ये कितीही कलकलाट असो, पलीकडे कान लावून उभ्या असलेल्याला शब्द न् शब्द ऐकू येतो. तबकडीच्या नाभीपाशी, म्हणजे तिच्यावर समांतर येऊन आपटलेल्या लहरी जिथे एकवटतात त्या बिंदूपाशी, निघालेला आवाज तिच्यावर आपटून समांतर निघतो. समोरची तबकडी तो झेलून आपल्या नाभीत एकवटते. कान जरा सरकला की कुजबुज गायब होते. नेमकी जागा कुठे, हे मुले फलक न वाचता डोके पुढेमागे करून शोधून काढतात. नाभी हा शब्द वर्गात कानावर पडेल तेव्हा पडेल, ती जागा त्यांना आधीच सापडलेली असते.

गरगर फिरणाऱ्या पाटाचेही तसेच. हात पसरून उभे राहायचे, कोणीतरी हलकेच ढकलायचे, आणि हात छातीशी घेतले की वेग एकदम वाढतो. शरीराचे वस्तुमान अक्षाजवळ आले, पण कोनीय संवेग (वस्तुमान, त्याचे अक्षापासूनचे अंतर आणि फिरण्याचा वेग यांचे मिळून होणारे माप) तेवढाच राहिला, म्हणून. हात पुन्हा पसरले की गती मंदावते. बहुतेक मुलांना हे उमगते ते तिसऱ्या-चौथ्या फेरीला, आणि नेमके तेव्हाच मागून ‘चल, पुढे अजून खूप आहे’ अशी हाक येते.

कुटुंबाच्या भेटीत उणे असेल तर ते एवढेच. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून सगळी दालने पालथी घालण्याचा मोह मोठ्यांना आवरत नाही. काही पालक उपकरणाला हात लागण्याआधीच फलक मोठ्याने वाचून उत्तर सांगून टाकतात. काही जण बाकावर बसून मोबाइल बघतात. पालकांचे समजावणेही सगळ्या मुलांच्या वाट्याला सारखे येत नाही. कॅलिफोर्नियातील एका बालसंग्रहालयात कुटुंबांच्या संभाषणांची नोंद करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की उपकरण कसे वापरायचे हे आईवडील मुलगा-मुलगी दोघांनाही सारखेच सांगतात. मात्र ते तसे का चालते, याचे स्पष्टीकरण मुलांना मुलींच्या तिप्पट वेळा मिळते. अभ्यास तिकडचा असला, तरी आपल्याकडच्या पालकांनी स्वतःकडे एकदा बघायला हरकत नाही.

उद्यानात वाफेचे रेल्वे इंजिन आहे, तसेच ‘एचएफ-२४ मारुत’ हे लढाऊ जेट. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या या विमानाचा आराखडा जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि त्याने पहिले उड्डाण १९६१ मध्ये केले. या दोन्हींपाशी प्रयोग असा काही नाही. तरी आजोबा मंडळी रमतात ती इथेच, आणि कोळशाच्या गाडीने गावी जाताना डोळ्यांत कण कसे जायचे ते नातवंडांना इथेच ऐकायला मिळते.

दिवसभर शेकडो हात पडत असल्याने अशा केंद्रांत कळा, तरफा, दोऱ्या सतत झिजतात. चारदोन उपकरणे बंद दिसणारच. परिषदेच्या केंद्रांना स्वतःच्या कार्यशाळा असतात आणि बरीचशी उपकरणे तिथेच बनतात, म्हणून दुरुस्तीही घरच्या घरी होते.

दिवाळी आणि होळी सोडल्यास केंद्र वर्षभर उघडे असते. घुमटाकार पडद्यावरचे चित्रपट आणि त्रिमिती खेळ यांचे तिकीट वेगळे. महालक्ष्मी स्थानकावरून चालत येता येते. २०२५ पासून भुयारी मेट्रोचे सायन्स सेंटर हे स्थानकही जवळ झाले आहे. दिवाळीनंतर शाळांच्या सहलींच्या बस रांगेने लागतात आणि रविवारी कुटुंबांची झुंबड असते. लहान मुले बरोबर असतील तर सकाळी उघडतानाच पोहोचावे, ऊन चढायच्या आत उद्यान उरकावे आणि मग आतली दोनच दालने निवडावीत.

मुंबईपर्यंत येणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी याच परिषदेची नागपूरला रामन विज्ञान केंद्र (१९९२) आणि पणजीत मिरामारला गोवा विज्ञान केंद्र (२००१) ही केंद्रे आहेत.